अंगणातलं लॉन काढून नकली गवत बसवलं, त्याचा सगळा हिशोब

सुरुवात पाण्यापासून झाली. आमचं घर अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात आहे, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे शेती पाहतात, त्यात दोन एकर संत्रा आहे. २०२१ मध्ये घर बांधलं तेव्हा समोर २४ बाय २० फूट जागा मोकळी सोडली अन् त्यात लॉन लावलं, नर्सरीवाल्यानं सिलेक्शन वन म्हणून दिलं होतं ते. पहिली दोन वर्षं इतकं छान दिसायचं की संध्याकाळी आई (माझ्या सासूबाई) तिथंच चटई टाकून बसायच्या अन् शेजारच्या दोघीतिघी हटकून यायच्या. मग बोअरचं पाणी कमी व्हायला लागलं.

२०१९ चा उन्हाळा आमच्याकडे कोणीच विसरलेलं नाही, मोर्शी-वरूडकडे बोअर आटले अन् उभे बगीचे वाळले, लोकांनी डोळ्यांदेखत कुऱ्हाड लावली झाडाले. आमची तेव्हा चाळीस झाडं गेली. त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की आमच्या घरात आवाज आपोआप बारीक होतो. मागच्या मार्चमध्ये मी सहज हिशोब केला, मुलांना शाळेत पर्जन्यमापक शिकवताना आपण सांगतो ना की एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, तोच हिशोब. आमचं लॉन साडेचव्वेचाळीस चौरस मीटर. मे महिन्यात इथं दिवसाला नऊ-दहा मिलिमीटर पाणी नुसतं उडून जाते, म्हणजे लॉन हिरवं ठेवायचं तर रोज चारशे-साडेचारशे लिटर. अन् खरंच आमची गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी रोज संध्याकाळी त्याच्यातच खाली होत होती. मोठ्या संत्र्याच्या झाडाला मे महिन्यात दिवसाला दीडशे-दोनशे लिटर लागते. म्हणजे आमच्या अंगणातलं गवत रोज तीन झाडांचं पाणी पिऊन राहिलं होतं. हे मी जेवताना बोलून दाखवलं तर यांनी घास खाली ठेवला, काही बोलले नाहीत, अन् दुसऱ्या दिवशीपासून लॉनचं पाणी बंद.

पंधरा दिवसांत ते पिवळं पडलं, एप्रिलच्या मध्यात भुरं झालं अन् मधीमधी काळ्या मातीच्या भेगा उघड्या पडल्या, हात जाईल एवढ्या. लॉन नसलं तर काय, जागा तशीच राहू द्या असं कोणी म्हणेल, पण ज्याच्या घरासमोर काळी माती आहे त्याला विचारा, उन्हाळ्यात धुयळा घरात अन् पावसाळ्यात चिखल घरात, चप्पल काढायला ओट्यापर्यंत येईस्तोवर पायाला दोन किलो माती. पेव्हर ब्लॉकचा भाव काढला होता पण दिवसभर तापलेले ब्लॉक रात्री अकरापर्यंत भट्टीसारखी गरमी फेकतात अन् आईला गुडघ्यांमुळे खाली बसायला मऊ जागा पाहिजे, मुलगी सहा वर्षांची, ती पडते-झडते. म्हणून नकली गवताचा विचार आला.

आईंना पटलंच नव्हतं. "काऊन वं, जित्तं गवत मारून पल्याष्टिक आंथरतं काय? हिरवं तं दिसन, पन त्याले वास कुठचा येनार?" त्यांचं म्हणणं मला आजही खरंच वाटते, पण पाण्याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

माझ्या भिशीचे ३०,००० मे महिन्यात मिळणार होते, तोच बजेट. अमरावतीत एका बसवून देणाऱ्याला विचारलं तर त्यानं फोनवरच १२० रुपये फूट सांगितले, सगळं धरून, म्हणजे ४८० फुटांचे ५७,६००. तो विषय तिथंच मिटला अन् ठरवलं की माल आपण आणायचा अन् काम घरचं करायचं.

आमचे भाऊजी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले, आता पीटी टीचर आहेत, त्यांना या टर्फची माहिती. त्यांनीच सांगितलं की हे गवत निघालं कुठून, तर अमेरिकेत ह्यूस्टनला छत असलेलं एक स्टेडियम बांधलं, छत पारदर्शक होतं, पण उजेडाच्या चमकेनं खेळाडूंना वरचा बॉल दिसेना म्हणून छताला रंग मारला, रंग मारल्यावर खालचं खरं गवत मेलं, मग १९६६ मध्ये तिथं हे नकली गवत टाकलं. अन् आपल्याला ते जास्त माहीत आहे ते हॉकीमुळे, १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकला हॉकी पहिल्यांदा नकली गवतावर झाली अन् आपण सातवे आलो. भाऊजी हे सांगताना अजूनही हळहळतात. पण त्यांनी कामाची गोष्ट एकच सांगितली, "वहिनी, गवताकडे कमी पाहा, खालच्या जमिनीकडे जास्त पाहा. गवत बारा तासांत बसते, जमीन बसायला आठ दिवस लागतात." हे वाक्य मला पुढं दर टप्प्यावर आठवलं, अन् जिथं मी ते पाळलं नाही तिथंच काम बिघडलं.

खरेदीसाठी अमरावतीला तीन दुकानं फिरले. सोबत शाळेतली सहा इंची स्केल नेली होती, दुकानदाराला जरा विचित्र वाटलं असेल पण तिचाच उपयोग झाला. गवताची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात, २५, ३५, ४०, अन् ती मोजायची खालच्या कापडापासून पात्याच्या टोकापर्यंत. एका दुकानात ३५ चं म्हणून जे दाखवलं ते स्केल लावल्यावर २८ निघालं. मी काही वाद घातला नाही, बाहेर पडले. तिन्ही दुकानांतून फूटभर फूट नमुने मागून घेतले अन् घरी आणून किचनच्या काट्यावर तोलले, हे मला स्वतःलाच सुचलं अन् मला वाटते सगळ्यांनी करावं, कारण उंची सारखीच असली तरी पाती दाट की विरळ हे डोळ्याला कळत नाही, वजनाला कळते. हलका नमुना ११० ग्रॅम भरला, चांगला १९० भरला. मग पाती चिमटीत धरून ओढून पाहिली, हलक्यातली दोन-तीन सुटून आली. उलटं करून मागं पाणी ओतलं, मागच्या रबरासारख्या थराला छिद्रं असतात त्यातून पाणी खाली गेलं पाहिजे, एकात छिद्रं अर्धी बुजलेली होती. अन् पात्यांच्या मुळाशी तपकिरी कुरळे धागे असले तर घ्यायचं, ते पात्याला उभं ठेवतात अन् दिसायलाही वाळकं गवत खाली असल्यासारखं खरं वाटते. उन्हाची म्हणजे यूव्हीची गॅरंटी तोंडी सगळेच देतात, मी बिलावर लिहून मागितली, एकानंच लिहून दिली, त्याच्याकडूनच घेतलं. ३५ मिलिमीटर, ४२ रुपये फूट.

आता मापाची गोष्ट, इथं पैसे वाचतात. रोलची रुंदी दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट. आमची जागा २० फूट. तीन पट्टे टाकले तर साडेएकोणीस फूट होतात, अर्धा फूट उघडा राहतो, अन् त्या अर्ध्या फुटासाठी चौथा पट्टा घेतला तर सहा फूट वाया. म्हणून आम्ही जागाच साडेएकोणीस फूट केली अन् राहिलेला अर्धा फूट घराच्या विरुद्ध बाजूनं, गेटकडे, बारीक गिट्टी भरून पाणी जायला सोडला. २४ फुटांचे तीन पट्टे म्हणजे ७२ फूट, वर कापाकापीसाठी तीन फूट, असा ७५ फूट माल घेतला. २०,४७५ रुपये झाले. बिल भरताना हात जड झाला, कारण दोन-तृतीयांश बजेट तिथंच संपला होता अन् काम अजून सुरूही झालं नव्हतं. छोटा हत्ती करून आणला त्याचे १,८००. पट्टा साधारण तीस किलोचा भरतो, तीन पट्ट्यांचं नव्वदच्या वर वजन, एसटीवर टाकून आणू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मग खोदकाम. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. दोन मजूर सांगितले, ५०० रुपये रोज, तीन दिवस, बाकी आम्ही घरचे. पहाटे पाचला सुरू करायचं अन् साडेनऊला बंद, कारण मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की दहानंतर मजुराला उन्हात उभं करणं हे मला योग्य वाटत नाही, मग चारऐवजी सहा दिवस लागले तरी चालतील. कोरड्या काळ्या मातीत कुदळ आपटून वापस येते, म्हणून आदल्या रात्री हलकं पाणी मारून ठेवायचं अन् सकाळी सब्बलनं उकरायचं. सहा इंच खोदलं. ४८० फुटाचं अर्धा फूट म्हणजे २४० घनफूट, जवळजवळ अडीच ब्रास माती, ती सगळी यांनी वावरात बांधावर नेऊन टाकली, ती वाया गेली नाही याचं मला बरं वाटलं.

त्या दोघांमध्ये एक म्हातारबाबा होते, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, काया मातीवर काई टिकत नाई. थे उन्हायात फाटते अन् पावसायात फुगते. जेवढी काढता येईन तेवढी काढा, अन् मुरूम कमी नका करजा." पुस्तकात जे शिकवतो तेच ते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते अन् वाळली की आखडते, म्हणून तिच्यावर थेट काहीही अंथरलं तर एका वर्षात लाटा पडतात. शेजारच्या गावात एकानं थेट मातीवर चटई अंथरल्यासारखं गवत टाकलेलं मी पाहिलं होतं, पहिल्या पावसाळ्यानंतर त्याच्यावर चालताना बोटीवर चालल्यासारखं वाटायचं.

खोदल्यावर हरळी अन् लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचल्या. हे काम कंटाळवाणं आहे पण सोडू नका, लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो, कापड फाडून वर येतो. आई दोन दिवस खुर्ची टाकून बसल्या अन् आम्ही उकरलेल्या ढेकळातून गाठी वेचत राहिल्या, तोंडानं विरोध अन् हातानं काम. जाताना एक टोपलंभर हरळी त्यांनी बाजूला ठेवली. विचारलं तर म्हणे, "गणपतीले दुर्वा का बजारातून आनशीन?" म्हणून उत्तरेच्या कोपऱ्यात, नळाजवळ, तीन बाय तीन फुटांचा तुकडा खऱ्या हरळीसाठी गवताच्या चौकोनाबाहेर सोडला, भांडी धुतलेलं पाणी तिथं जाते.

दोन ट्रॉली मुरूम टाकला, १,८०० प्रमाणे ३,६००. चार इंच थर, पण एकदम नाही, दोन-दोन इंचांचे दोन थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस, म्हणजे जमीन ठोकून दाबायचं वजन. मशीनचं भाडं परवडत नव्हतं, मिस्त्रीकडून हाताचा धुम्मस मागून आणला. सकाळ-संध्याकाळ धुम्मस मारून मारून यांच्या हाताला फोड आले. उताराचं मात्र आम्ही नीट केलं, पाण्याचा लेवल पाईप लावून घराकडून गेटकडे वीस फुटांत अडीच इंच उतार काढला, आठ फुटाला एक इंच या हिशोबानं.

मुरमावर दीड इंच चुरी, म्हणजे गिट्टीच्या खाणीवरची बारीक डस्ट, तिचे १,५००. इथं माझी चूक झाली अन् ती सविस्तर सांगते. चुरी दोन प्रकारची मिळते, एक दाणेदार, हातात घेतली तर रव्यासारखी लागते, अन् दुसरी पिठासारखी. आम्हाला जी आली ती अर्ध्या ट्रॉलीत वर दाणेदार अन् खाली नुसतं पीठ होतं. मी पाहिलं, बोटानं चोळलं, अन् तरी म्हटलं जाऊ द्या, पुन्हा ट्रॉली बोलवायची म्हणजे आणखी दोन दिवस अन् भाडं. ती पिठाळ चुरी गेटकडच्या कोपऱ्यात पडली. भाऊजींचं वाक्य मला त्या क्षणी आठवायला पाहिजे होतं.

चुरीवर लाकडी फळी ओढून सपाट केलं. कडेला नवीन कठडा घेतलाच नाही, जुन्या गोठ्याच्या पाडलेल्या भिंतीच्या विटा होत्या त्या उभ्या लावून घेतल्या. चुरीवर एक पांढरं कापड अंथरतात, पाणी जाते पण गवत वर येत नाही असं, त्याऐवजी आम्ही यांच्या एका मित्राच्या संत्र्याच्या नर्सरीतून उरलेलं तण रोखायचं विणलेलं काळं कापड मागून आणलं, फुकट.

गवत अंथरायचा दिवस. रोल सकाळी सहाला उघडून गच्चीवर टाकले म्हणजे घडीच्या सुरकुत्या उन्हात सुटतात, आपल्याकडे त्याला दोन तासही लागत नाहीत. मग खाली आणून तीन पट्टे शेजारी शेजारी मांडले. मुलगी गच्चीवर होती, ती वरून ओरडली की मधलं गवत वेगळ्या रंगाचं आहे. वर जाऊन पाहते तर खरंच, मधला पट्टा गडद दिसत होता. पात्यांना एक झुकाव असतो, तिन्ही पट्ट्यांचा झुकाव एकाच दिशेला पाहिजे, मधला उलटा पडला होता. चिकटवायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो. झुकाव घराच्या दाराकडे ठेवायचा, म्हणजे दारातून पाहताना पाती अंगावर आल्यासारखी दाट दिसतात.

प्रत्येक पट्ट्याच्या कडेला शिवण नसलेली एक पट्टी असते, ती कापून टाकायची, अन् कापायचं नेहमी पाठीमागून, दोन शिवणींच्या मधून, वरून कापलं तर पाती तुटतात. कटरच्या दहा-बारा पाती गेल्या. जोड देताना एक साधा नियम, गवतात दोन रांगांमध्ये जेवढं अंतर आहे तेवढंच अंतर जोडात राहिलं पाहिजे, कमी झालं तर उंचवटा येते अन् जास्त झालं तर भांग पाडल्यासारखं दिसते.

जोडाची पट्टी अन् सोल्युशन मिळून २,२०० लागले. पहिला जोड आम्ही दुपारी चारला करायला घेतला, पारा चव्वेचाळीसवर, सोल्युशन पसरवून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं वाळून गेलं. अर्धा डबा वाया. नंतर शिकलो, संध्याकाळी सात वाजल्यानंतर, बल्ब लावून, तीन-तीन फुटांचा तुकडा करत जायचं, एकानं लावायचं अन् दुसऱ्यानं मागून वीट ठेवत यायचं. रात्री साडेदहाला दोन्ही जोड झाले, सकाळपर्यंत विटा तशाच ठेवल्या. कडेनं दर आठ इंचावर खिळे, यू आकाराचे तारेचे मुरमात वाकतात म्हणून पाच इंची साधे खिळे घेतले, ३०० रुपये. खिळा ठोकताना पाती हातानं बाजूला करायची, नाहीतर डोक्याखाली अडकतात.

शेवटी रेती. दुकानदार सिलिका रेती घ्या म्हणतात, आम्ही घरी बांधकामाची उरलेली नदीची रेती होती ती बारीक चाळणीनं चाळून, दोनदा धुवून, वाळवून टाकली, साधारण १८० किलो, म्हणजे मीटरला चारेक किलो. ती पात्यांच्या मुळाशी बसते, गवत दाबून ठेवते अन् पाती उभी राहतात. कडक खराट्यानं झुकावाच्या उलट दिशेनं झाडत झाडत आत घातली. काळे रबराचे दाणेही मिळतात, ते मी घेतले नाहीत, उन्हात वास मारतात अन् पावसात वाहून वावरात जातील. युरोपात तर २०२३ मध्ये असे प्लास्टिक-रबराचे दाणे टप्प्याटप्प्यानं बंद करायचा नियम झाला, त्यांच्या मैदानांना २०३१ पर्यंत मुदत आहे. मग आपण कशाला नवीन सुरू करायचे.

एकूण खर्च सांगते. गवत २०,४७५, गाडी १,८००, मुरूम ३,६००, चुरी १,५००, मजुरी ३,०००, पट्टी-सोल्युशन २,२००, खिळे ३००. झाले ३२,८७५. बजेटच्या वर २,८७५ गेले.

मग पाऊस आला. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात गेटकडच्या कोपऱ्यात, जिथं ती पिठाळ चुरी होती तिथंच, पाणी साचलं. पावसात छत्री घेऊन उभी होते अन् पाहत होते, बाकी सगळीकडून पाणी पाच मिनिटांत गेलं अन् तिथं चार बाय पाच फुटाचं डबकं. पिठाचा लगदा होऊन खालची सगळी छिद्रं बंद झाली होती. आठ दिवस उघाड मिळाल्यावर तेवढा कोपरा खिळे काढून उचलला, चुरी खरवडून काढली, तिथं दहा मिलिमीटरची गिट्टी भरली अन् गेटच्या बाजूला दोन बाय दोन फुटाचा, तीन फूट खोल शोषखड्डा घेतला, खाली मोठे दगड वर बारीक. गिट्टी अन् एक मजूर मिळून ९०० गेले. तेव्हापासून एकदाही पाणी साचलं नाही, अन् मला एक समाधान हेही की अंगणातलं पाणी नालीत न जाता जमिनीत जाते. ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या कडेच्या विटा मात्र फुगलेल्या मातीनं तिरप्या झाल्या, कारण विटांखाली आम्ही मुरूम घातलाच नव्हता, फक्त गवताखाली घातला होता. त्या दिवाळीत काढून पुन्हा बसवल्या.

उन्हाचं खरं बोलायला पाहिजे, दुकानात कोणी सांगत नाही. नकली गवत तापते, खूप तापते. खरं गवत पाणी सोडून स्वतःला थंड ठेवते, प्लास्टिक कुठून ठेवणार. पाऊस यायच्या आधी एकदा दुपारी दोनला शाळेतल्या प्रयोगपेटीतला थर्मामीटर पात्यांमध्ये ठेवला, ६३ अंश दाखवले. अनवाणी पाय ठेवणं शक्यच नाही. पाणी शिंपडलं की थंड होते पण वीस मिनिटांत पुन्हा तेच, अन् पाण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केला होता. म्हणून त्याच नर्सरीतून जुनी हिरवी शेडनेट आणली, पन्नास टक्क्यांची, चार बांबूंवर गवताच्या अर्ध्या भागावर बांधली, फक्त मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत. नेटखाली दुपारीही पाय टेकवता येतो, पण बसायचं तर संध्याकाळी सहानंतरच. ज्यांच्या अंगणात कडुलिंब-आंब्याची सावली आहे त्यांना हे जास्त उपयोगाचं, ज्यांचं अंगण उघडं रानासारखं आहे त्यांनी शेडनेटचा खर्च आधीच धरावा.

बाकी रोजच्या गोष्टी. आठवड्यातून एकदा खराटा मारते, कडुलिंबाचा पाचोळा पात्यांत अडकून कुजला तर त्याच्यात गवत उगवते, नकलीत खरं. शेजारची बकरी दोनदा येऊन तोंड मारून गेली, चार पाती उपटली अन् टाकून दिली, आता गेट लावून ठेवतो. पापड-कुरड्यांचं वाळवण त्याच्यावर घालायचं नाही, खाली साडी अंथरूनसुद्धा नाही, ते गच्चीवरच. अन् दिवाळीत पणत्या ओट्यावर ठेवल्या, तरी भुईचक्राची एक ठिणगी आलीच, रुपयाएवढा ठिपका वितळला. तिथं उरलेल्या तुकड्यातून गोल कापून बसवला, शोधल्याशिवाय दिसत नाही. म्हणून जास्तीचे तीन फूट फेकू नका.

आईंचं काय झालं ते राहिलं. पहिला महिनाभर त्या तिकडे गेल्या नाहीत, ओट्यावरच बसायच्या. मग जुलैत झडीचे दिवस लागले, सगळीकडे चिखल, अन् एका संध्याकाळी पाऊस थांबल्यावर पाहते तर त्या गवतावर बसून शेंगा सोलत होत्या, लुगडं कोरडं. गणपतीत कोपऱ्यातल्या हरळीतून एकवीस जुड्या दुर्वा निघाल्या, शेजारच्या दोन घरांनाही दिल्या. वास नाही, हे त्या अजून म्हणतात, अन् पहिल्या पावसात लॉनवरून जो ओला वास यायचा तो आता येत नाही हे मलाही जाणवते. गांडुळं दिसत नाहीत. साळुंख्या पूर्वी सकाळी किडे वेचायला यायच्या, त्या आता त्या तीन बाय तीनच्या तुकड्यात येतात. पुढच्या आठ-दहा वर्षांनी हे सगळं प्लास्टिक उचलून कुठं टाकायचं हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे अन् त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. म्हणून हरळीचा तुकडा यंदा तीनचा पाच फूट करायचा ठरवला आहे, नळाच्या बाजूनं, मोरीचं पाणी पुरते तेवढाच.

या मार्चमध्ये गच्चीवरची टाकी संध्याकाळी भरलेली दिसते. ते पाणी नळी जोडून यांनी घरामागच्या तीन संत्र्यांना वळवलं आहे, आंबिया बहार धरला आहे, फळं बोराएवढी झाली. दुसऱ्या जोडाचं एक टोक हातभर सुटलं आहे, त्याला सोल्युशन आणायचं आहे, ते या रविवारी, सूर्य मावळल्यावर करू.